लांडग्यामागे दोन हजार डॉलर : आयडाहोतील एका सेवेचे परीक्षण

ज्या सेवेविषयी मी लिहीत आहे, तिचा ग्राहक नेमका कोण हे ठरवण्यातच माझे बरेच दिवस गेले. अमेरिकेच्या वायव्येकडील आयडाहो राज्यात शिकाऱ्यांना आणि सापळे लावणाऱ्यांना मारलेल्या प्रत्येक लांडग्यामागे खर्चाची भरपाई मिळते. ही भरपाई फाउंडेशन फॉर वाइल्डलाइफ मॅनेजमेंट ही २०११ साली स्थापन झालेली खासगी संस्था देते. तिच्या तिजोरीत सभासदांची वर्गणी आणि देणग्या असतातच, पण गेल्या काही वर्षांत तीत सरकारी पैसाही येऊन पडला आहे. पैसे घेणारा सापळेकरी, ते वाटणारी संस्था, संस्थेला पैसे पुरवणारे राज्य आणि ज्याच्या मेंढ्या-गायी वाचाव्यात म्हणून हे सारे चालते तो पशुपालक, असे चार पक्ष या व्यवहारात दिसतात. मी अकरा वर्षे बॉयसी शहरात राहतो, येथे कर भरतो आणि दर उन्हाळ्यात ट्राउट मासे पकडण्यासाठी परवाना काढतो. परवान्यांच्या शुल्कातला काही भाग राज्याच्या लांडगा उपद्रव नियंत्रण मंडळाकडे जातो, म्हणून पाचवा पक्ष मी. ज्या सेवेचे पैसे आपल्या खिशातून जातात तिचे परीक्षण करण्याचा अधिकार ग्राहकाला असतो, एवढ्याच नात्याने हे लिहितो आहे. मी वन्यजीवशास्त्रज्ञ नाही आणि शिकारीचा द्वेष्टाही नाही.

माझी कसोटी साधी आहे. गळका नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने किती वायसर बदलले हे मी मोजत बसत नाही, नळ गळायचा थांबला का तेवढे पाहतो. आयडाहोतील या सेवेचे बिल वायसरांच्या संख्येवर निघते, आणि माझ्या मते तिचे गुण आणि दोष दोन्ही तिथूनच सुरू होतात.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगावी लागेल. या प्रदेशातून लांडगा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जवळजवळ नाहीसा झाला होता. १९९५ आणि १९९६ साली केंद्र सरकारने कॅनडातून पकडून आणलेले ३५ लांडगे मध्य आयडाहोच्या निर्मनुष्य डोंगरांत सोडले, आणि त्याच सुमारास ३१ लांडगे शेजारच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात सोडले. हरिणांची रेलचेल असलेल्या त्या दऱ्याखोऱ्यांत ते झपाट्याने वाढले. २०११ मध्ये अमेरिकी संसदेने अर्थसंकल्पी विधेयकाला जोडलेल्या एका कलमाद्वारे येथील लांडग्यांना संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून काढले आणि व्यवस्थापन राज्याच्या हाती आले. २०१४ मध्ये उपद्रव नियंत्रण मंडळ स्थापन झाले. मे २०२१ मध्ये गव्हर्नर ब्रॅड लिटल यांनी सही केलेल्या कायद्याने एका माणसाने किती लांडगे मारावेत यावरची मर्यादा उठवली, खासगी जमिनीवर वर्षभर सापळे लावण्याची मुभा दिली, लांडगे मारण्यासाठी खासगी कंत्राटदार नेमण्याचा अधिकार मंडळाला दिला आणि वन्यजीव खात्याने मंडळाला द्यावयाची वार्षिक रक्कम १ लाख १० हजार डॉलरवरून ३ लाखांवर नेली. या कायद्यामुळे राज्यातले नव्वद टक्के लांडगे मारले जातील अशा बातम्या तेव्हा जगभर छापून आल्या. कायद्यात तसा आकडा कुठेही नव्हता. राज्यात दीडशेहून कमी लांडगे उरू देणार नाही या जुन्या वचनाशी त्या वेळची पंधराशेची संख्या ताडून कोणी तरी तो काढला होता.

आता प्रत्यक्ष सेवेकडे वळतो. संस्थेचे सभासद व्हायचे, माफक वार्षिक वर्गणी भरायची, राज्याचा परवाना आणि लांडग्याचा टॅग (एक लांडगा मारण्याची परवानगी देणारी चिठ्ठी) घ्यायचा, सापळे लावायचे असतील तर राज्याचा प्रशिक्षणवर्ग पूर्ण करायचा आणि मग हंगामभर झालेल्या खर्चाच्या पावत्या जपून ठेवायच्या. लांडगा हाती लागला की कवटी आणि कातडे ठरलेल्या मुदतीत वन्यजीव खात्याला दाखवावे लागते. खात्याचे लोक वय काढण्यासाठी एक दात काढून घेतात आणि नोंद करतात. त्या नोंदीसह पावत्या संस्थेकडे गेल्या की धनादेश येतो. २०२१ मध्ये राज्याने या कामासाठी दोन लाख डॉलरपर्यंतची रक्कम उपलब्ध केली, तेव्हा दरही विभागवार ठरले. जिथे पाळीव जनावरांवर वारंवार हल्ले होतात तिथे लांडग्यामागे अडीच हजार डॉलरपर्यंत, जिथे एल्क हरणांची संख्या उद्दिष्टापेक्षा कमी आहे तिथे दोन हजार, राज्याच्या उत्तर टोकाला एक हजार आणि उरलेल्या भागात पाचशे. ही विभागणी मला या योजनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. सरसकट एकच दर ठेवला असता तर प्रत्येक जण आपल्या घराजवळच्या सोयीच्या जंगलात गेला असता. दराची चढण निदान माणसाला गरज असलेल्या ठिकाणाकडे वळवते.

संस्थेचे लोक ‘बक्षीस’ हा शब्द कटाक्षाने टाळतात. ही फक्त खर्चाची भरपाई आहे, असे त्यांचे म्हणणे. नियमांच्या भाषेत ते खरेही आहे, कारण पावती नसेल तर पैसे नाहीत. पण कितीही पावत्या जमवल्या तरी लांडगा मेला नाही तर एक छदामही मिळत नाही, आणि जी रक्कम केवळ मृत जनावर दाखवल्यावरच हाती पडते तिला मराठीत बक्षीसच म्हणतात. हा शब्द टाळण्याची धडपड निष्कारण नाही. अमेरिकेत ‘बाउंटी’ या शब्दाला इतिहास आहे आणि तो फारसा अभिमानास्पद नाही. २००७ मध्ये अलास्का राज्याने विमानातून लांडगे मारणाऱ्यांना प्रत्येक डाव्या पुढच्या पायामागे दीडशे डॉलर देऊ केले होते, ते न्यायालयाने अल्पावधीतच थांबवले. आयडाहोची पद्धत त्यापेक्षा कितीतरी सभ्य आहे. पायाच्या जागी पावती आली आहे.

माझा कार्यालयातला एक सहकारी सापळे लावतो. त्याचे बालपण राज्याच्या मध्यभागातल्या सॅलमन नदीच्या खोऱ्यात गेले. एका जानेवारीत त्याच्या सापळ्यांच्या फेरीवर मी दोन दिवस त्याच्यासोबत गेलो आणि तेव्हा माझ्या मनातल्या ‘पैशांसाठी लांडगे मारणारा’ या चित्राच्या ठिकऱ्या उडाल्या. पहाटे चारला निघायचे, ट्रक जिथवर जाईल तिथवर न्यायचा, पुढे स्नोमोबिल, त्याच्याही पुढे बर्फावरून पायी. नियमाप्रमाणे सापळे दर ७२ तासांत तपासावेच लागतात, त्यामुळे तो आणि त्याचा भाऊ आळीपाळीने जातात आणि नोकरी सांभाळून हे करताना थंडीतले सगळे शनिवार-रविवार त्यातच जातात. माणसाचा वास लागू नये म्हणून सापळे आधी उकळून मेणात बुडवलेले असतात, हातमोजे वेगळे, बूट वेगळे. लांडगा ज्या वाटेने दहा दिवसांपूर्वी गेला त्याच वाटेने तो पुन्हा येईल का, आला तर पाऊल नेमके त्या पेल्याएवढ्या जागेवर पडेल का, यावर सारा खेळ. त्या दोन दिवसांत आम्हाला कोल्ह्यासारख्या एका कोयोटीखेरीज काही मिळाले नाही. टॅग घेऊन बंदुकीने लांडगा मिळवणाऱ्या शिकाऱ्यांचे प्रमाण तर शंभरात एकही भरत नाही, कारण बहुतेक जण टॅग खिशात ठेवून एल्कच्या मागे गेलेले असतात. माझ्या सहकाऱ्याला त्या अख्ख्या हंगामात एक लांडगा मिळाला. त्याच्या पेट्रोलच्या, सापळ्यांच्या आणि स्नोमोबिलच्या सुट्या भागांच्या पावत्या बुटांच्या खोक्यात मावत नव्हत्या, आणि मिळालेली भरपाई त्या खोक्यातल्या बेरजेच्या निम्मीही नव्हती. तेव्हा या सेवेमुळे कोणी श्रीमंत होते, हा आक्षेप मी पहिल्यांदा रद्द करतो.

सापळेकऱ्याच्या बाजूने पाहिले तर सेवा स्वच्छ आहे. अटी समजतात, दर आधी कळतो, वादाला जागा कमी. राज्याच्या तिजोरीच्या दृष्टीनेही ती स्वस्त आहे, कारण दुसरा पर्याय केंद्रीय वाइल्डलाइफ सर्व्हिसेस खात्याच्या माणसांचा आणि हेलिकॉप्टरचा असतो आणि हेलिकॉप्टरचा तास कोणत्याही सापळेकऱ्याच्या हिवाळ्यापेक्षा महाग पडतो. लांडगे कमी करणे एवढेच उद्दिष्ट धरले तर आकडेही संस्थेच्या बाजूने उभे राहतात. कॅमेऱ्यांच्या साहाय्याने राज्य तेव्हा उन्हाळ्यात जो अंदाज बांधत होते त्यानुसार २०१९ ते २०२१ या काळात सुमारे पंधराशेवर स्थिरावलेली संख्या २०२२ मध्ये १,३३७ आणि २०२३ मध्ये ११५० च्या आसपास आली. यातला किती वाटा भरपाईचा, किती उठवलेल्या मर्यादांचा आणि किती निसर्गाचा, हे वेगळे काढता येत नाही. राज्याने २०२३ च्या व्यवस्थापन आराखड्यात ही संख्या पाचशेच्या आसपास आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, म्हणजे हे दुकान इतक्यात बंद होणार नाही.

पण नळ गळायचा थांबला का?

पशुपालकाची तक्रार खोटी नाही, हे आधी स्पष्ट करतो, कारण शहरात राहणाऱ्या आमच्यासारख्यांना तिचा पटकन विसर पडतो. ऑगस्ट २०१३ मध्ये पूर्व आयडाहोच्या डोंगरात लांडग्यांनी पाठलाग केल्यामुळे बिथरलेला मेंढ्यांचा कळप एकमेकींवर कोसळला आणि एका रात्रीत १७६ मेंढ्या मेल्या. त्यांतल्या बहुतेक गुदमरून मेल्या, खाल्ली गेली ती जेमतेम एखादी. राज्यात सुमारे पंचवीस लाख गुरे आहेत आणि लांडग्यांनी मारल्याचे सिद्ध होणारे बळी वर्षाला शेकड्यांत मोजण्याइतके असतात, हे गणित लांडग्यांचे कैवारी नेहमी मांडतात. मात्र हे बळी पंचवीस लाखांत समान वाटले जात नाहीत. ते ठरावीक दऱ्यांतल्या ठरावीक कुटुंबांच्या वाट्याला वर्षानुवर्षे येतात, आणि डोंगरात मेलेल्या वासराचे सांगाडे पुष्कळदा सापडतच नाहीत. केंद्र सरकारची नुकसानभरपाई २०२५ पर्यंत सिद्ध झालेल्या जनावराच्या बाजारभावाच्या ७५ टक्के मिळत असे, त्या वर्षीच्या कायद्याने ती पूर्ण बाजारभावाइतकी झाली, पण न सापडलेल्या वासराचे काहीच नाही. अशा माणसाला पाचशे मैलांवरच्या माणसाने सरासरी ऐकवू नये.

प्रश्न असा की हिवाळ्यात सापळ्यात पडलेला लांडगा या माणसाच्या उपयोगी पडतो का. मेंढ्या आणि गायी उन्हाळ्यात, जून ते ऑक्टोबर या काळात, सरकारी जमिनीवरच्या उंच कुरणांत चरतात आणि बहुतेक हल्ले तेव्हाच होतात. सापळ्यांचा मुख्य हंगाम बर्फाचा, कारण तेव्हा कातडे दाट असते, माग दिसतो आणि सार्वजनिक जमिनीवर परवानगीही त्याच काळात असते. जानेवारीत खालच्या दरीत एल्कच्या मागावर असलेली टोळी आणि जुलैत वरच्या कुरणाशेजारी पिल्ले वाढवणारी टोळी एकच असेलही, नसेलही. विभागवार दरांनी जागेचा प्रश्न थोडा सोडवला, पण काळाचा सोडवला नाही. शिवाय बहुतेक टोळ्या पाळीव जनावराला तोंड लावत नाहीत. अडीच हजार डॉलर देताना हा लांडगा त्या टोळीतला होता का, हे विचारणारा रकाना अर्जात नाही आणि तो असता तरी सापळेकऱ्याला त्याचे उत्तर देता आले नसते. सापळ्याला चोर आणि साव ओळखता येत नाहीत.

संशोधकांनीही या प्रश्नाशी बरीच झटापट केली आहे. २०१४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका विद्यापीठातून आलेल्या अभ्यासाने म्हटले की लांडगे मारल्यानंतर पुढल्या वर्षी पाळीव जनावरांवरचे हल्ले उलट वाढलेले दिसतात, कारण टोळीची घडी विस्कटते. दोनच वर्षांत दुसऱ्या गटाने तीच आकडेवारी पुन्हा तपासून तो निष्कर्ष चुकीचा ठरवला. मी दोन्हीकडे फारसे वजन टाकत नाही. २०२५ मध्ये ‘सायन्स अॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात आलेला अभ्यास मला अधिक उपयोगाचा वाटला, कारण तो याच प्रदेशाविषयी आहे आणि त्याचे उत्तर कोणालाच पुरते सुखावणारे नाही. सर्वसामान्यांच्या शिकारीमुळे जनावरांचे बळी कमी होतात, पण किती, तर एक गाय वाचवायला साधारण चौदा लांडगे मारावे लागतात. आता आपण आपला हिशेब करू. चौदा गुणिले दोन हजार म्हणजे अठ्ठावीस हजार डॉलर. सगळ्यांत स्वस्त, पाचशेचा दर धरला तरी सात हजार. एवढ्या पैशांत बाजारातून एकाहून अधिक चांगल्या गायी विकत घेऊन त्या पशुपालकाच्या दारात बांधता येतात. हे गणित ढोबळ आहे, चौदाचा आकडाही सरासरीच आहे, याची मला जाणीव आहे. पण सेवेची किंमत तिच्या मूळ उद्देशाशी ताडून पाहण्याचा दुसरा मार्ग मला सापडला नाही.

संस्थेचे समर्थक येथे म्हणतील की आमचा मुख्य उद्देश गायी नव्हेच, एल्क आहे. संस्थेचे बहुसंख्य सभासद एल्कचे शिकारी आहेत आणि त्यांचे दुःख लोलो या विभागाच्या नावाने ओळखले जाते. तिथे १९८०च्या दशकाच्या अखेरीस १६ हजारांच्या घरात असलेले एल्क नंतरच्या तीन दशकांत एक-दोन हजारांपर्यंत खाली आले. लांडग्यांचा त्यात वाटा आहे, हे राज्याचे शास्त्रज्ञही मान्य करतात. पण १९१०च्या प्रचंड वणव्यानंतर तिथे उगवलेली झुडपे, ज्यांवर ते एल्क पोसले गेले, ती कालांतराने दाट वृक्षांखाली झाकली गेली, आणि १९९६-९७ च्या भयंकर हिवाळ्याने कळपच्या कळप संपवले, ही गोष्टही तेच शास्त्रज्ञ सांगतात. राज्यभराचा विचार करता एल्क लाखाच्या वर आहेत आणि शिकार चांगली होते. २०१३ च्या डिसेंबरात राज्याने पगारी सापळेकरी नेमून त्याला फ्रँक चर्च अभयारण्यात, रस्त्यापासून कोसो दूर, दोन टोळ्या संपवायला पाठवले होते. त्याने नऊ लांडगे मारले आणि न्यायालयात दावा दाखल झाल्यावर महिनाभरातच राज्याने त्याला परत बोलावले. सध्याची भरपाई-पद्धत तोच उद्देश शंभर हातांत वाटून साधते. दावा कोणावर लावायचा हेच मग कळत नाही. ही तिची हुशारी म्हणावी की पळवाट, हे वाचकाने ठरवावे. माझे मत पळवाटीकडे झुकते, कारण सरकारी पैसा खासगी संस्थेच्या दारातून गेला की नागरिकाला त्याचा हिशेब विचारणे अवघड होते.

या मालाचा जुना ब्रँडही बाजारात होता. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६३० मध्येच लांडगा मारणाऱ्याला मोबदला ठरवला होता. शेजारच्या मॉन्टानात १८८४ ते १९१८ या काळात ऐंशी हजारांहून अधिक लांडग्यांचे बक्षीस दिले गेले, आणि तरी पशुपालकांची ओरड थांबली नाही. विष घालून लांडगे मारणारे ‘वुल्फर’ पुढल्या वर्षीची कमाई बुडू नये म्हणून मादीला मुद्दाम सोडून फक्त पिल्ले नेतात, असे आरोप त्या काळी उघड होत. १९०५ मध्ये तर त्याच राज्याने कायदा करून पकडलेल्या लांडग्यांना खरजेची लागण करून परत सोडण्याचे काम पशुवैद्याला दिले होते. एवढी उतावीळ झाली होती. अखेर १९१५ पासून केंद्र सरकारने पगारी माणसे नेमली आणि १९२६ पर्यंत यलोस्टोनमध्येही लांडगा उरला नाही. आमच्याकडेही इंग्रजांनी हाच दर-डोई हिशेब चालवला होता. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या मोजणीप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात दोन लाखांवर लांडगे बक्षिसासाठी मारले गेले. आज तोच लांडगा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि सोलापूर-नगरच्या माळांवर धनगरांच्या वाड्यांमागून फिरतो. तिथे सरकार लांडग्याच्या मुडद्याचे पैसे देत नाही, मेलेल्या मेंढीचे देते. त्या पद्धतीत पंचनाम्याच्या आणि हेलपाट्यांच्या तक्रारी आहेतच, पण पैसे निदान ज्याचे नुकसान झाले त्याच्या नावाने निघतात.

स्पर्धेतला दुसरा माल याच राज्यात, बॉयसीपासून अडीच तासांवर ब्लेन काउंटीत मिळतो, आणि त्याच्याविषयी लिहिल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. वुड रिव्हर वुल्फ प्रोजेक्ट नावाचा उपक्रम २००८ पासून तिथे मेंढपाळांसोबत काम करतो. रात्री कळप गोळा करून भोवती दोरीला लोंबणारी लाल फडकी लावायची, काही ठिकाणी त्या दोरीत विजेचा हलका प्रवाह सोडायचा, दिवे आणि कर्णे वापरायचे, पांढरे केसाळ राखणदार कुत्रे वाढवायचे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कळपापाशी माणूस झोपवायचा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सात वर्षांच्या अभ्यासात या उपायांच्या क्षेत्राबाहेर मेंढ्यांचे नुकसान साडेतीन पटींनी जास्त आढळले. क्षेत्राच्या आत ते एकूण मेंढ्यांच्या ०.०२ टक्के, म्हणजे दहा हजारांत दोन एवढेच होते.

दर ऑक्टोबरात केचम गावाच्या मुख्य रस्त्यावरून हे कळप खाली उतरतात आणि त्याची जत्रा भरते. मी दोनदा गेलो आहे. कळपांसोबतचे बहुतेक मेंढके पेरू देशातून हंगामी परवान्यावर आलेले असतात. त्यांतल्या एकाने आपला तंबू, कुत्रे आणि फडक्यांची गुंडाळी दाखवली तेव्हा मला आपल्याकडची वाघर आठवली. मेढी ठोकून रात्री मेंढ्यांभोवती जाळी उभारायची आणि कडेला घोंगडी टाकून निजायचे, हे आपल्या धनगराने कोणत्याही अनुदानाशिवाय पिढ्यान् पिढ्या केले. त्या पेरूच्या माणसाने मला जे दाखवले ते तत्त्वाने तेच होते, फक्त दोरीत वीज होती.

या दुसऱ्या मालाचे दोषही सांगायला हवेत. तो कष्टाचा आहे. फडकी रोज उचलून रोज लावावी लागतात, आणि फार दिवस एकाच जागी राहिली तर लांडगे सरावतात. मेंढ्या रात्री एकत्र बसतात म्हणून हे जमते. डोंगरभर विखरून चरणाऱ्या गायींभोवती फडकी कशी लावायची, याचे समाधानकारक उत्तर मला कोणी दिले नाही. गायींसाठी घोडेस्वार राखणदार ठेवावे लागतात आणि त्यांचा पगार पशुपालकाला एकट्याने झेपत नाही. दोन लाख डॉलर म्हणजे अशा किती राखणदारांचे किती उन्हाळे, याचे गणित मंडळाने एकदा मांडून पाहावे असे मला वाटते.

दुष्परिणामांचा उल्लेख कोणत्याही औषधाच्या परीक्षणात असतो, तो येथेही हवा. सापळ्याला चोर-साव कळत नाहीत तसा अस्वल-लांडगाही कळत नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय न्यायालयाच्या न्यायाधीश कँडी डेल यांनी याच कारणासाठी ग्रिझली अस्वलांच्या प्रदेशात मार्च ते नोव्हेंबर या काळात लांडग्यांचे सापळे आणि फासे लावायला मनाई केली, आणि २०२१च्या कायद्याने वर्षभर उघडलेले दार त्या भागांपुरते अर्धे मिटले. मॉन्टानात २०२१ मध्ये आयडाहोचे पाहून भरपाईला परवानगी देणारा कायदा झाला आणि यलोस्टोनच्या उत्तर सीमेवरची मारण्याची मर्यादाही उठली. त्या हिवाळ्यात उद्यानाच्या टोळ्यांतले २५ लांडगे सीमेबाहेर पाऊल टाकताच मारले गेले, आणि एक अख्खी टोळी संपली. ज्या लांडग्यांना पाहण्यासाठी जगभरातून लोक येतात आणि आसपासच्या गावांत पैसे खर्च करतात, ते लांडगे कोणाच्याही वासराच्या वाटेला गेलेले नव्हते.

गुण द्यायचेच तर सापळेकऱ्यासाठीची सेवा म्हणून या योजनेला मी पाचपैकी चार देईन. एक गुण कागदपत्रांच्या दगदगीसाठी कापतो. लांडग्यांची संख्या घटवण्याचे साधन म्हणून तीन. पशुपालकासाठीची सेवा म्हणून एक, आणि तोही विभागवार दरांमुळे. माझ्यासारख्या परवानाधारकाला तिचा हिशेब वर्षअखेरीस पानभर तरी मिळायला हवा: कोणत्या विभागात किती पैसे गेले, तिथे आदल्या आणि पुढल्या उन्हाळ्यात किती हल्ले झाले. ही माहिती वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली असते. ती एका पानावर आली तर मी माझे गुण आनंदाने बदलीन. मंडळाच्या बैठका लोकांसाठी खुल्या असतात, ज्यांना विचारायचे असेल त्यांनी तिथे जावे. नव्याने सापळे लावू पाहणाऱ्या मराठी मित्रांना (आहेत असे, दोघांना मी ओळखतो) एवढेच सांगेन की भरपाईच्या भरवशावर स्नोमोबिल विकत घेऊ नका.

परत येताना, त्या जानेवारीतल्या दुसऱ्या दिवशी, ट्रकमध्ये हीटरसमोर बोटे शेकत मी सहकाऱ्याला विचारले की उद्या ही भरपाई बंद झाली तर तो सापळे लावायचे थांबवील का. त्याला प्रश्नच कळला नाही. त्याचे वडील लावायचे, तो लावतो, पैशांमुळे पेट्रोल थोडे हलके होते इतकेच. मग मी विचारले की ज्या मेंढपाळासाठी हे चालते त्याला तो कधी भेटला आहे का. त्यावर तो बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला की त्या दरीत उन्हाळ्यात मेंढ्या येतात हेच त्याला ठाऊक नव्हते.